वादळानंतर झाड ठेवावे की तोडावे?

३ जून २०२० हा बुधवार कोकणातील माणूस विसरणार नाही. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, दापोली, मंडणगड या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रकाठी आहे. संध्याकाळी वारा उतरला तेव्हा आम्ही दार उघडले. समोरचे घर दिसत होते. एरवी ते झाडांमुळे कधी दिसत नसे!

दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. आमच्या आळीतला वड पारासकट उलथला होता. बायका त्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळून परतल्या.

त्या आठवड्यात घरोघर एकच प्रश्न होता. परसातले जे झाड मोडले, कलले, उघडे पडले, त्याचे काय करायचे? ठेवायचे की तोडायचे? काहींनी घाई केली आणि जगणारे झाड तोडले. काहींनी माया केली आणि धोक्याचे झाड ठेवले. दोन्हीकडे नुकसान झाले. वादळे पुन्हा येणारच. म्हणून हा प्रश्न कसा सोडवावा, ते आपण येथे पाहू.

१. आधी माणूस, मग झाड

वादळ गेल्यावर लगेच कोयता घेऊन बाहेर पडू नये. शिर सलामत तर पगडी पचास.

प्रथम वर पाहावे. विजेची तार झाडावर पडली आहे का? असेल तर त्या झाडाला, ओल्या कुंपणाला, साचलेल्या पाण्याला हात-पाय लावू नये. वीज गेलेली आहे म्हणून तार मेली असे समजू नये. महावितरणच्या माणसाने सांगितल्याशिवाय जवळ जाऊ नये.

मग अर्धवट मोडून वर लोंबकळणाऱ्या फांद्या पाहाव्यात. वारा थांबल्यावरही त्या दोन-चार दिवसांनी खाली येतात.

आणखी एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. झाड मुळासकट उपटून आडवे पडते, तेव्हा मुळे आणि माती मिळून मोठी भिंतीसारखी चकती उभी राहते. मुले तिच्या मागच्या खड्ड्यात खेळायला उतरतात. इकडे कोणी खोड कापले, की खोडाचा भार सुटतो आणि ती चकती धाडकन पुन्हा खड्ड्यात बसते. आत माणूस असला तर तो गाडला जातो. म्हणून खोड कापताना मुलाबाळांना व गुरांना त्या बाजूस फिरकू देऊ नये.

झाडे हलवण्यापूर्वी पंचनामा करून घ्यावा. किती झाडे पडली, कोणती पडली, ते वहीत लिहून ठेवावे. मोबाईलवर फोटो काढावेत. आता तुम्हाला लिहिता येते. ही यादी स्वतःच्या हाताने करा.

२. झाड मेले की जिवंत आहे?

वादळानंतर तीन-चार दिवसांनी उभ्या झाडांची पानेही तांबडी पडली. लोक म्हणाले, झाडे जळाली. खरे कारण असे, की वाऱ्याबरोबर समुद्राचे खारे पाणी उडून पानांवर बसले होते. मिठाने पान करपते. पण पान करपले म्हणजे झाड मेले असे नव्हे.

आमच्या शेजारच्या काकींच्या दारात एक कलमी आंबा आहे. त्याची एक मोठी फांदी मोडली होती आणि उरलेला पाला करपला होता. लाकूडवाला आला. म्हणाला, "झाड मेलंय. फुकट तोडून देतो, लाकूड मी नेतो." काकींनी आम्हाला हाक मारली.

"गुरुजी, आंबा गेला हो माझा. ह्यांनी लावलेला होता."

आम्ही म्हणालो, "काकी, आधी त्यालाच विचारू या."

आम्ही चाकूच्या टोकाने एका बारीक फांदीची साल खरवडली. आत हिरवे व ओले निघाले. दुसरी फांदी खरवडली, तीही हिरवी. मग बुंधा पाहिला. माती फुटलेली नव्हती, खोड चिरलेले नव्हते. काकींनी लाकूडवाल्याला परत पाठवले. पुढे त्या आंब्याला नवी पालवी फुटली. दोन वर्षांनी काकींनी आमच्याकडे त्याचेच आंबे पाठवले.

ही परीक्षा कोणालाही करता येते. सालीच्या आत हिरवे आणि ओले असेल, तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे असेल, तर ती मेली आहे. एकाच जागी पाहून ठरवू नये. चारी बाजूंच्या फांद्या पाहाव्यात.

असे का? झाडाचा जीव सालीच्या लगत असतो. सालीच्या आतल्या पातळ थरातून पानांनी केलेले अन्न खाली जाते. त्याच्या आतल्या ओल्या लाकडातून मुळांचे पाणी वर चढते. अगदी मधले लाकूड निर्जीव असते. ते फक्त आधार देते. म्हणून पोकळ झाडही हिरवेगार दिसू शकते. झाड जिवंत आहे का हा एक प्रश्न, आणि झाड भक्कम आहे का हा दुसरा. दोन्ही वेगळे विचारले पाहिजेत.

३. चार प्रश्न

झाडाभोवती एक फेरी घाला आणि हे चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: मुळे धरून आहेत का? वारा ज्या बाजूने आला, त्या बाजूची माती पाहा. ती वर उचलली आहे का? अर्धगोल भेग पडली आहे का? झाड हलले की माती हलते का? तसे असेल तर मुळे तुटली आहेत. झाड पूर्वीपासून कललेले असेल तर भीती थोडी. पण काल सरळ होते आणि आज कलले, तर ते धोक्याचे.

दुसरा प्रश्न: खोड शाबूत आहे का? उभी चीर वरपासून खालपर्यंत गेली असेल, किंवा दोन फाटे मधोमध फाटले असतील, तर झाड टिकत नाही. दोरीने बांधून ती चीर जुळत नाही. बुंध्याशी अळंबी उगवली असेल तर आतले लाकूड कुजत आहे असे समजावे. ढोली असेल तर लाकडी दांड्याने ठोकून पाहावे. ढोबळ हिशेब असा: खोड दोन फूट जाड असेल, तर पोकळीभोवती सगळीकडे निदान चार इंच निकोप लाकूड हवे. ढोलीचे तोंड मोठे असेल तर तेवढेही पुरत नाही.

तिसरा प्रश्न: फांद्या किती उरल्या? अर्ध्याहून जास्त उरल्या असतील, तर झाड बहुधा सावरते. फारच थोड्या उरल्या, तर झाडाला अन्न करायला पानेच राहत नाहीत. शेवगा, पांगारा, वड यांची गोष्ट निराळी. ती बुंध्यापासूनही फुटतात.

चौथा प्रश्न: पडले तर कशावर पडेल? हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. तेच झाड माळावर असेल तर राहू द्यावे. तेच घरावर, गोठ्यावर, विहिरीवर, वाटेवर किंवा तारांवर झुकले असेल, तर हिशेब बदलतो.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तर झाड ठेवावे. मुळे किंवा खोड गेले आहे आणि खाली माणसांची वा गुरांची जागा आहे, तर झाड तोडावे. मधली स्थिती असेल तर फांद्या हलक्या कराव्यात आणि पावसाळाभर पाहावे. तोडलेले झाड परत जोडता येत नाही. ज्या झाडाखाली कोणी जात नाही, त्याच्या बाबतीत थांबायला काय हरकत आहे?

४. आमची चूक

हे चार प्रश्न आम्ही आता शहाणपणाने सांगतो. पण त्या वर्षी आम्हीच चौथा प्रश्न विचारला नाही.

आमच्या परसात वडिलांनी लावलेला फणस होता. तो वादळात गोठ्याच्या बाजूस कलला. मागच्या बाजूस मातीला बोटभर रुंद भेग पडली होती. घरच्यांनी सांगितले, "तोडून टाका." आम्ही म्हणालो, "हिरवागार आहे, फणस लागले आहेत, राहू दे." आम्ही भेगेत माती भरली आणि वरून सारवल्यासारखे केले. भेग दिसेनाशी झाली. मुळे मात्र तुटलेलीच राहिली.

पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. १६ आणि १७ मे या दोन दिवसांत ते कोकणच्या लगत होते. आमच्याकडे वारा पहिल्या वर्षाएवढा नव्हता. पण फणसाला तेवढा पुरला. तो रात्री गोठ्यावर पडला. एक गाभण गाय दगावली. पहाटे गोठ्यात माणूस असता तर काय झाले असते, ते लिहवत नाही.

झाडावर माया असावी. पण भेग मातीने झाकून झाड बरे होत नाही. ज्या झाडाची मुळे गेली, ते वडिलांच्या हातचे असले तरी वेळीच उतरवावे.

५. माड आणि पोफळ

माड आणि पोफळ यांची जात आंब्याहून अगदी वेगळी आहे. आंब्याला शंभर ठिकाणी डोळे असतात. एक फांदी गेली तर दुसरीकडून फूट येते. माडाला मात्र एकच कोंब असतो, तो शेंड्याच्या गाभ्यात. तो मोडला की माड संपला. खोड दोन-चार महिने उभे राहील, पण त्याला पुन्हा पान येणार नाही.

म्हणून माडाचा शेंडा पाहावा. मधली मिटलेली कोवळी झावळी, म्हणजे सुई, हिरवी आणि ताठ असेल तर माड जगेल. बाकी झावळ्या मोडल्या असल्या तरी हरकत नाही. ती सुई पिवळी पडली, ओढताच हातात आली, घाण वास येऊ लागला, तर कोंब कुजला आहे. असा माड ठेवण्यात अर्थ नाही.

जगलेल्या माडाला वेळ द्यावा लागतो. माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते. पोय फुटल्यापासून नारळ पक्का व्हायला सुमारे एक वर्ष लागते. म्हणून झावळ्या मोडलेल्या माडाला एक-दोन वर्षे नारळ फार थोडे लागतात. तो वांझ झाला असे म्हणून तोडू नये.

माडाच्या खोडाची जखम कधी भरून येत नाही. आंब्याची साल जखमेवर वाढत येते, माडाची येत नाही. खोडाला मध्येच चीर गेली असेल किंवा खोड पिचले असेल, तर तो माड आज ना उद्या तेथेच मोडणार. याच कारणाने चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नयेत.

मेलेला माड वाडीत पडून कुजू देऊ नये. कुजलेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या तेथे वाढतात, आणि भुंगे होऊन जगलेल्या माडांचे कोंब पोखरतात. म्हणजे मेलेला माड जिवंत माडाला मारतो. खोडे कापून वासे करावेत, कुंपणाला लावावीत, नाही तर जाळून टाकावीत. शेणकीही वेळच्या वेळी उपसावी. तेथेही हाच भुंगा वाढतो.

पोफळीची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोफळ माडांच्या सावलीत वाढलेली असते. माड पडले की तिच्या खोडावर एकदम ऊन येते, आणि दुपारच्या उन्हाने पश्चिमेकडची साल भाजून चिरते. म्हणून राहिलेल्या पोफळींच्या खोडांना पावसाळा संपताच झावळ्या किंवा पोफळीच्या विऱ्या बांधाव्यात. पैसा लागत नाही, आणि झाड वाचते.

६. झाड वाचवायचे कसे?

लहान कलम उपटले असेल, तर घाई करावी. येथे मात्र घाई चांगली. उघडी पडलेली मुळे एका उन्हात सुकतात. लगेच ओले गोणपाट टाकून ती झाकावीत. चिंधड्या झालेली मुळे धारदार कोयत्याने साफ कापावीत. फांद्यांचा सुमारे तिसरा हिस्सा कमी करावा, कारण कमी मुळांना जास्त पाने पोसता येत नाहीत. मुळांच्या बाजूचा खड्डा मोठा करावा. खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर बांधावा आणि झाड हळूहळू उभे करावे. माती भरून पायाने दाबावी. तीन बाजूंनी बांबूचे टेकू द्यावेत. हे टेकू निदान एक वर्ष काढू नयेत. बुंध्याशी मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी साचणार नाही. नवी पालवी येईपर्यंत खत घालू नये.

लहान माडही असाच उभा करता येतो. मोठे, जुने झाड पुरते उपटले असेल तर त्याच्या मागे लागू नये. ते उभे केले तरी मुळे त्याला धरत नाहीत.

मोडलेली फांदी कापण्याचीही रीत आहे. एकदम वरून करवत चालवली, तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते. म्हणून बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून थोडा काप घ्यावा. मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदी पाडावी. शेवटी राहिलेला खुंट बुंध्याजवळ कापावा. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे सालीचा फुगीर कंगोरा असतो. तो कापू नये. तेथूनच जखम भरत येते. खुंट लांब ठेवला तर तो कुजतो, आणि आंब्यात तेथून भिरूड शिरते.

पावसाळ्यात जखमेवर बोर्डो मलम लावावे. ते घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात भिजवावा. चुना निवल्यावर दोन्ही एकत्र करून ढवळावे. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्यावीत, लोखंडाची नकोत. मलमात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर बसला तर आणखी थोडा चुना घालावा. मलम त्याच दिवशी वापरावे. मोरचूद विषारी आहे. मुले आणि गुरे यांपासून ते दूर ठेवावे, आणि हात धुवावेत.

वड पडला असेल तर निराश होऊ नये. त्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्यात जमिनीत रोवली, तर तिला मुळे फुटतात. आमच्या आळीतल्या वडाची अशीच एक फांदी पाराजवळ रोवली. बायका आता तिलाच सूत गुंडाळतात.

७. तोडण्यापूर्वी कायदा विचारा

झाड आपल्या आवारातले असले, तरी काही जातींना परवानगी लागते. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ सालचा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, हिरडा, मोह, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत. झाड पडलेले किंवा धोक्याचे असेल तर परवानगी मिळण्यास हेच कारण सांगता येते. माड त्या यादीत नाही. तोडण्यापूर्वी तलाठ्याकडे किंवा वनखात्याच्या कचेरीत विचारावे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

८. पुढचा विचार

झाडे पडली ती सगळी वाऱ्याने नव्हे. काहींची एका बाजूची मुळे आपणच पायासाठी किंवा पाण्याच्या पाइपासाठी खणताना तोडली होती. काही जागी खाली जांभा दगड असल्याने मुळे खोल गेलीच नव्हती. काही जागी पाणी साचून माती सैल झाली होती. हे पुढे सांभाळता येईल.

नवे झाड लावताना ते उंच झाल्यावर कोठे पोचेल, ते आजच मोजावे. घराला आणि गोठ्याला लागून उंच झाड लावू नये. माडांमध्ये २५ फूट अंतर ठेवावे. बाणवली माडाला फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. म्हणून तोडलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसाळ्यात रोप लावावे. एक पावसाळा गेला, की फळ एक वर्ष लांबले.

आम्ही फणसाच्या जागी आता काही लावलेले नाही. गोठा आहे तेथेच आहे. नवा फणस परसाच्या टोकाला, कुंपणाजवळ लावला आहे. तो आमच्या डोक्याएवढा झाला आहे. त्याचे गरे आम्ही खाऊ की नाही, ते सांगता येत नाही. पण तो कोणाच्या अंगावर पडणार नाही, एवढे आम्ही पाहिले आहे.

वाचा आणि सांगा

१. झाड जिवंत आहे की नाही, ते कसे ओळखाल?
२. झाडाला विचारायचे चार प्रश्न कोणते?
३. कोंब मोडलेला माड का जगत नाही? मेलेला माड वाडीत का ठेवू नये?
४. तुमच्या घराभोवतीची झाडे मोजा. कोणते झाड कशावर पडू शकेल, ते वहीत लिहा.